बडतर्फीच्या आदेशाला आव्हान कसे द्यायचे: राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यासाठी पायरीपायरीने

बडतर्फीचा आदेश हातात पडल्यावर पहिले अठरा दिवस मी भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत होते: मी निर्दोष आहे. साहेबांना सांगितले, संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना सांगितले, नातेवाइकांना सांगितले. तोवर अपिलाची मुदत सरत होती आणि ज्या कागदांवर पुढे माझे सगळे प्रकरण उभे राहिले, ते कागद कार्यालयाच्या कपाटातच होते.

मी एका जिल्हा कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते, सोळा वर्षे नोकरी झाली होती. शेवटी एका वकील बाईंकडे गेले. त्यांनी मी गुन्हा केला की नाही हे विचारलेच नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "ताई, चौकशीचा रोजनामा आहे का तुमच्याकडे?" रोजनामा म्हणजे चौकशीच्या प्रत्येक तारखेला काय झाले याची नोंद. तेव्हा मला तो प्रश्न कोरडा वाटला. आज मला कोणी फोन केला की मीही तोच प्रश्न आधी विचारते.

त्याचे कारण असे. न्यायाधिकरण किंवा उच्च न्यायालय तुमची विभागीय चौकशी पुन्हा नव्याने चालवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने बी. सी. चतुर्वेदी प्रकरणात (१९९५) हे स्पष्ट केले आहे: न्यायालय मुख्यतः निर्णय कोणत्या पद्धतीने घेतला गेला ते पाहते. विभागीय चौकशीत फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, शक्यतेचे पारडे कुठे झुकते एवढे पुरते. म्हणून "साक्षीदार खोटे बोलला" या मुद्द्यावर सहसा हाती काही लागत नाही. "त्या साक्षीदाराची उलटतपासणी मला घेऊ दिली नाही" या मुद्द्यावर आदेश रद्द होऊ शकतो.

मी वकील नाही. पुढचे सगळे महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ ज्यांना लागू आहेत अशा राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना धरून लिहिले आहे. बाकीच्यांनी दुसरी पायरी आधी वाचावी.

१. आदेश वाचा: शब्द, सही, तारीख

आदेश शांतपणे, पेन्सिल घेऊन वाचा. त्यात नेमका कोणता शब्द वापरला आहे ते पाहा. नियम ५ मध्ये शिक्षांची यादी आहे. "सक्तीने सेवानिवृत्त", "सेवेतून काढून टाकणे" आणि "बडतर्फ" या तीन वेगवेगळ्या शिक्षा आहेत. सेवेतून काढून टाकले तर पुन्हा शासकीय नोकरीला कायद्याने आडकाठी नसते. बडतर्फीत ती सामान्यतः असते. सक्तीच्या सेवानिवृत्तीत निवृत्तिवेतनाचा मार्ग उघडा राहतो, उरलेल्या दोहोंत तो सामान्यतः बंद होतो.

परिवीक्षाधीन, म्हणजे अजून कायम न झालेल्या, कर्मचाऱ्याच्या आदेशात यातला एकही शब्द नसतो. "आपली सेवा समाप्त करण्यात येत आहे" एवढेच लिहिलेले असते. ते वाचून आपल्याला काही दादच मागता येणार नाही असे समजू नका. आदेशाची भाषा साधी असली तरी त्याच्या मुळाशी गैरवर्तनाचा आरोप असेल आणि चौकशी केलीच नसेल, तर न्यायालय शब्दांआड काय आहे ते पाहते. शमशेरसिंग प्रकरणात (१९७४) सर्वोच्च न्यायालयाने हेच केले. काम समाधानकारक नाही एवढ्याच कारणाने सेवा संपवली असेल तर मात्र आव्हान अवघड जाते.

मग सही पाहा. संविधानाच्या अनुच्छेद ३११ च्या पहिल्या खंडानुसार, ज्या प्राधिकाऱ्याने तुमची नेमणूक केली त्याच्यापेक्षा खालच्या दर्जाचा अधिकारी तुम्हाला बडतर्फ करू शकत नाही. तुमचा मूळ नियुक्ती आदेश काढा आणि दोन्हींवरची पदनामे शेजारी ठेवून पाहा. हा दोष सापडला तर बाकीच्या मुद्द्यांवर फार वाद घालावा लागत नाही.

शेवटी तारीख. आदेशावर छापलेली तारीख आणि तो तुम्हाला मिळाल्याची तारीख वेगळी असते. अपिलाची मुदत आदेश मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात. पाकीट फेकू नका, त्यावरचा पोस्टाचा शिक्का हा तुमचा पुरावा आहे. कार्यालयात बोलावून हातात दिला असेल तर सहीखाली तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने लिहा.

२. आपले दार कोणते ते ठरवा

सरकारी नोकरी असे आपण सरसकट म्हणतो, पण दाद मागायची दारे वेगवेगळी आहेत.

राज्य शासनाचे कर्मचारी, पोलीस धरून: आधी विभागीय अपील, मग महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे सगळे ज्याला मॅट म्हणतात ते. पोलिसांचे शिक्षा व अपील नियम वेगळे आहेत, १९५६ चे. अपिलाच्या तरतुदी त्यांनी त्यात पाहाव्यात.

केंद्र शासनाचे कर्मचारी: केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, कॅट.

जिल्हा परिषदेचे कर्मचारी: यांच्यासाठी १९६४ चे स्वतंत्र शिस्त व अपील नियम आहेत. मॅट यांच्यासाठी नाही. विभागीय अपिलानंतर उच्च न्यायालय.

खासगी अनुदानित शाळेतील शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी: पगार शासन देत असले तरी हे शासकीय कर्मचारी नव्हेत. १९७७ च्या कायद्याखालील शाळा न्यायाधिकरणात जावे लागते आणि मुदत फक्त ३० दिवसांची आहे. हे वाचणाऱ्यांत कोणी शिक्षक असतील तर त्यांनी पुढचे वाचण्याआधी दिवस मोजावेत.

चुकीच्या दारात गेलेला वेळ नंतर माफ करून घेता येतो, पण त्यासाठी वेगळा अर्ज करून वेगळी कारणे द्यावी लागतात.

३. मुदतीचे गणित भिंतीवर लिहा

विभागीय अपिलाला आदेश मिळाल्यापासून ४५ दिवस.

मॅटमध्ये अर्ज करायला एक वर्ष, प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ च्या कलम २१ नुसार. हे वर्ष अपिलावरचा अंतिम आदेश झाल्यापासून धरतात. अपील करून सहा महिने झाले आणि निर्णयच आला नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष. याच कायद्याचे कलम २० सांगते की उपलब्ध असलेले विभागीय उपाय वापरल्याशिवाय न्यायाधिकरण सामान्यतः अर्ज घेत नाही. म्हणून अपील गाळून थेट मॅटमध्ये धाव घेऊ नका.

इथे एक सापळा आहे आणि त्यात फार लोक अडकलेले मी पाहिले आहेत. अपील फेटाळले जाते, मग कोणी सुचवते, "मंत्रालयात एक विनंती अर्ज टाकून बघा." तो टाकतात, मग स्मरणपत्र, मग दुसरे स्मरणपत्र, मग लोकप्रतिनिधींचे शिफारसपत्र. दोन वर्षे जातात. कायद्यात नसलेल्या अशा निवेदनांनी मुदत वाढत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी एस. एस. राठोड प्रकरणात (१९८९) हे पक्के करून ठेवले आहे. विनंती करायची तर करा, पण मॅटचे वर्ष त्या विनंतीच्या उत्तरासाठी थांबत नाही.

मुदत उलटलीच असेल तर विलंब माफीचा अर्ज करता येतो. त्यात प्रत्येक टप्प्याच्या उशिराचे कारण आणि कागद लागतो. आजारपण असेल तर दवाखान्याची कागदपत्रे लागतील, "मनःस्थिती ठीक नव्हती" एवढ्या वाक्यावर भागत नाही.

४. कागद गोळा करा

हे काम अपील लिहिण्याच्या आधी सुरू करा आणि अपील दाखल झाल्यावरही चालू ठेवा. लागणारे कागद:

- नियुक्ती आदेश, कायम केल्याचा आदेश, सेवापुस्तकाची प्रत
- निलंबनाचा आदेश आणि निर्वाह भत्ता (निलंबनाच्या काळात मिळणारी रक्कम) मिळाल्याचा किंवा न मिळाल्याचा तपशील
- दोषारोपपत्र, चारही जोडपत्रांसह: दोषारोप, त्यांचे विवरण, दस्तऐवजांची यादी, साक्षीदारांची यादी
- तुम्ही दिलेले उत्तर आणि त्याची पोच
- चौकशी अधिकारी व सादरकर्ता अधिकारी (चौकशीत शासनाची बाजू मांडणारा) यांच्या नेमणुकीचे आदेश
- रोजनामा, पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत
- साक्षीदारांचे जबाब, उलटतपासणीसह
- कागदपत्रे मागणारे तुमचे सर्व अर्ज आणि त्यांवरची उत्तरे
- चौकशी अहवाल, तो पाठवल्याचे पत्र, तुमचे त्यावरचे अभिवेदन (लेखी म्हणणे)
- शिक्षेचा आदेश आणि पाकीट

यातले जे नसेल ते आस्थापना शाखेकडे लेखी मागा. मिळाले नाही तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, उत्तर आले नाही तर प्रथम अपील. "चौकशीची संपूर्ण नस्ती" (म्हणजे फाइल) असे मोघम मागू नका. "दिनांक अमुक ते तमुक या कालावधीतील रोजनाम्याची साक्षांकित प्रत" असे एकेक कागद नाव घेऊन मागा. नस्तीवरील टिप्पण्याही मागा. शिक्षा कोणी सुचवली, कधी सुचवली आणि तुमचे अभिवेदन वाचण्याआधीच ती ठरली होती का, हे टिप्पण्यांत दिसते.

प्रत्येक अर्जाची पोच घ्या. आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का नसेल तर तो अर्ज तुम्ही दिलाच नाही असे समजून चाला. पोच देत नसतील तर वाद घालू नका, त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. चौकशीच्या दोन तारखांना मी रुग्णालयात होते. वैद्यकीय प्रमाणपत्र पोस्टाने पाठवले होते. रोजनाम्यात मात्र नोंद होती: "अपचारी विनाकारण गैरहजर, चौकशी एकतर्फी चालवण्यात येत आहे." अपचारी म्हणजे जिच्यावर आरोप आहे ती कर्मचारी, म्हणजे मी. प्रमाणपत्र कार्यालयाला त्या तारखेआधी मिळाल्याची पोचपावती माझ्याकडे होती. साडेतीन वर्षांनी निकाल लागला तेव्हा निकालपत्रात त्या पावतीचा उल्लेख होता.

५. अन्याय नेमका कुठे झाला ते शोधा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. याला निवांत दोन दिवस द्या. अनुच्छेद ३११ चा दुसरा खंड सांगतो की आरोप कळवून आणि बाजू मांडण्याची वाजवी संधी देऊन चौकशी केल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही. ही वाजवी संधी म्हणजे काय, ते १९७९ च्या नियम ८ व ९ मध्ये आणि न्यायालयांच्या निकालांत तपशीलवार आले आहे. एका कोऱ्या कागदावर तीन रकाने करा: काय व्हायला हवे होते, काय झाले, कोणत्या कागदावरून दिसते. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो मुद्दा मागे ठेवा. आता एकेक जागा पाहू.

*दोषारोप मोघम होता का?* "शासकीय कर्तव्यात कसूर केली" एवढ्याने भागत नाही. कोणती तारीख, कोणती नस्ती, कोणते कृत्य हे कळल्याशिवाय माणूस उत्तर काय देणार?

*फार उशिरा चौकशी लावली का?* घटनेनंतर बारा-एक वर्षांनी सुरू केलेली चौकशी रद्द करण्याचा न्यायाधिकरणाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये कायम ठेवला होता, कारण उशिराचे स्पष्टीकरणच नव्हते. पण आरोप गंभीर असेल आणि उशिराला कारण असेल तर हा मुद्दा चालत नाही.

*कागदपत्रे दिली का?* जोडपत्रातले दस्तऐवज तर द्यायलाच हवेत. बचावासाठी तुम्ही मागितलेले संबंधित कागदही, नाकारायचे तर कारण देऊन नाकारावे लागतात.

*बचाव सहायक मिळाला का?* चौकशीत तुमची बाजू मांडायला मदत करणारा हा माणूस नियमाने मागता येतो. वकील मात्र सहसा मिळत नाही. अपवाद लक्षात ठेवा: समोरचा सादरकर्ता अधिकारी कायद्याचा जाणकार असेल आणि तुम्हाला वकील नाकारला असेल, तर ती लढत बरोबरीची राहत नाही. मुंबई बंदराच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात (१९८२) सर्वोच्च न्यायालयाने याच कारणाने कर्मचाऱ्याची बाजू उचलून धरली.

*साक्षीदार तपासले का?* प्राथमिक चौकशीतले जबाब नुसते नस्तीला जोडून "दोषारोप सिद्ध" म्हणता येत नाही. एफआयआरची प्रत म्हणजेही पुरावा नव्हे. कागद कोणीतरी येऊन सिद्ध करावा लागतो. चौकशी एकतर्फी चालली तरी शासनाची ही जबाबदारी संपत नाही, हे खूप जणांना माहीत नसते. रूपसिंग नेगी (२००९) आणि सरोजकुमार सिन्हा (२०१०) हे दोन निकाल यासाठी वकिलांना दाखवा.

*चौकशी अधिकारी तटस्थ होता का?* उत्तर प्रदेशातील एका हेड कॉन्स्टेबलचे प्रकरण १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आले होते. चौकशी घेणारा अधिकारी मध्येच उठून स्वतःच साक्षीदार झाला, आपली साक्ष दुसऱ्या अधिकाऱ्यासमोर नोंदवली आणि पुन्हा खुर्चीत बसून निर्णय दिला. इतके उघड आज सहसा होत नाही. आज दिसते ते असे: सादरकर्ता अधिकारी नेमलेलाच नाही आणि चौकशी अधिकारीच सरकारी साक्षीदारांना प्रश्न विचारतो, तुमच्या साक्षीदारांची उलटतपासणीही तोच घेतो. जबाबाच्या प्रतीत प्रश्न कोणी विचारले याची नोंद शोधा. एखादा खुलासा विचारणे वेगळे आणि फिर्यादीची बाजू चालवणे वेगळे, एवढा फरक मात्र लक्षात ठेवा.

*पुराव्यानंतर तुम्हाला विचारले का?* तुम्ही स्वतः साक्ष दिली नसेल, तर तुमच्याविरुद्ध पुराव्यात आलेल्या गोष्टींवर चौकशी अधिकाऱ्याने तुम्हाला प्रश्न विचारायचे असतात. ही पायरी सर्रास गाळली जाते.

*अहवाल दिला का?* करुणाकर प्रकरण (१९९३), पाच न्यायमूर्तींचा निकाल. शिक्षा देण्याआधी चौकशी अहवालाची प्रत देऊन म्हणणे मागवले पाहिजे. पण हाच निकाल पुढे सांगतो की अहवाल न मिळाल्याने तुमचे नेमके काय नुकसान झाले ते दाखवावे लागेल. मला हे वकील बाईंनी तीनदा समजावले. "अहवाल दिला नाही" इथे थांबू नका. "अहवाल मिळाला असता तर मी हे दाखवून दिले असते की साक्षीदार क्रमांक दोनने उलटतपासणीत नस्ती आपल्याच ताब्यात होती असे मान्य केले आहे आणि अहवालात त्याचा उल्लेखच नाही" इथपर्यंत जा. हे नुकसान दाखवणे जवळपास प्रत्येक प्रक्रियेच्या दोषाला लागू आहे.

*अहवाल तुमच्या बाजूचा असूनही शिक्षा झाली का?* शिस्तभंगविषयक प्राधिकारी, म्हणजे शिक्षा देणारा अधिकारी, चौकशी अधिकाऱ्याशी असहमत होऊ शकतो, पण असहमतीची तात्पुरती कारणे आधी कळवून तुमचे म्हणणे ऐकावे लागते. कुंजबिहारी मिश्रा प्रकरणाचा (१९९८) निकाल हेच सांगतो.

*चौकशीच केली नाही का?* अनुच्छेद ३११ मध्ये तीन अपवाद आहेत: फौजदारी गुन्ह्यात दोषसिद्धी, चौकशी घेणे व्यवहार्य नसणे, आणि राज्याच्या सुरक्षेचे कारण. दुसऱ्या अपवादासाठी कारणे लेखी नोंदवावी लागतात. तुलसीराम पटेल प्रकरणात (१९८५) न्यायालयाने बजावले आहे की चौकशीची कटकट नको किंवा पुरावा कच्चा आहे म्हणून हा मार्ग वापरता येत नाही. दोषसिद्धीच्या अपवादातही शिक्षा आपोआप होत नाही. गुन्ह्याचे स्वरूप आणि नोकरीशी त्याचा संबंध प्राधिकाऱ्याने पाहायचा असतो.

*शिक्षा प्रमाणाबाहेर आहे का?* रणजित ठाकूर हा सैनिक. त्याने जेवण घ्यायचा हुकूम मानला नाही म्हणून त्याला एक वर्ष कैद आणि बडतर्फी झाली. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध त्याने आधी तक्रार केली होती तोच निवाडा करायला बसला होता. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, पक्षपात आणि शिक्षेचा अतिरेक या दोन्ही कारणांनी. तुमच्याच प्रकरणातल्या सहआरोपीला एक वेतनवाढ रोखून सोडले आणि तुम्हाला बडतर्फ केले असेल, तर त्याचा आदेश मिळवा. समान आरोपाला असमान शिक्षा हा भक्कम मुद्दा आहे. लाचेच्या किंवा अपहाराच्या सिद्ध आरोपात मात्र शिक्षा जड झाली हा युक्तिवाद क्वचितच ऐकला जातो. तिथे प्रक्रियेवरच भर द्या.

आदेशात "यापूर्वीही आपणास ठपका देण्यात आला होता" असे वाक्य आहे का तेही पाहा. जुन्या गोष्टी शिक्षा वाढवायला वापरायच्या तर त्या आधी तुमच्यासमोर ठेवून उत्तर मागवायला हवे होते.

६. अपील लिहा

अपील आदेश काढणाऱ्याच्या लगतच्या वरिष्ठ प्राधिकाऱ्याकडे जाते. तुमच्या बाबतीत तो कोण, हे आदेशातच किंवा नियमांत सापडते. अपील स्वतःच्या नावाने लिहा आणि त्याची प्रत आदेश काढणाऱ्या प्राधिकाऱ्यालाही द्या.

भाषा सभ्य ठेवा. माझ्या पहिल्या मसुद्यात चौकशी अधिकाऱ्यांबद्दल चार परिच्छेद होते, सगळे रागाचे. वकील बाईंनी ते काढून एक परिच्छेद ठेवला, तो साधारण असा:

"दि. … रोजीच्या रोजनाम्यानुसार साक्षीदार क्र. ३ यांचा जबाब माझ्या अनुपस्थितीत नोंदवण्यात आला. त्या दिवशी मी रुग्णालयात दाखल असल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र कार्यालयास दि. … रोजी प्राप्त झाले होते (पोचपावती सोबत जोडली आहे). उलटतपासणीची संधी मिळावी असा अर्ज मी दि. … रोजी दिला, त्यावर कोणताही आदेश झाला नाही. दोषारोप क्र. १ केवळ याच साक्षीवर सिद्ध धरण्यात आला आहे."

चार वाक्ये: काय झाले, कोणत्या कागदावरून, मी काय मागितले, आणि त्याने निकालावर काय परिणाम झाला. प्रत्येक मुद्दा असाच लिहा. सगळ्यात बळकट मुद्दा पहिला घ्या. निर्दोषत्वाचे म्हणणे शेवटी, थोडक्यात, पण लिहा जरूर.

सर्व मुद्दे अपिलातच आणा. पुढे मॅटमध्ये नवा मुद्दा काढला की पहिला प्रश्न येतो, हे तेव्हा का सांगितले नाही?

अपील प्राधिकाऱ्याने प्रक्रिया पाळली गेली का, निष्कर्षाला पुरावा आहे का आणि शिक्षा योग्य आहे का, हे तिन्ही पाहायचे असते. "अपील अर्जात तथ्य आढळून येत नाही, सबब फेटाळण्यात येत आहे" असा एका ओळीचा आदेश आला तर खचून जाऊ नका. मुद्द्यांचा विचार न करता काढलेला आदेश हा स्वतःच आव्हानाचा एक मुद्दा होतो.

७. मॅटमध्ये जा

न्यायाधिकरण १९९१ पासून काम करते आहे. मुख्य पीठ मुंबईला, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला खंडपीठे. अर्जाला मूळ अर्ज म्हणतात. स्वतः बाजू मांडता येते, पण बडतर्फीच्या प्रकरणात सेवाविषयक कायदा जाणणारा वकील घ्या. फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना मोफत विधी सेवा मिळू शकते. मी स्वतः त्याच मार्गाने गेले आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखे काही नाही.

सोबत कागदांचा संच पानांचे क्रमांक घालून, तारखांच्या क्रमाने लावा. एका पानाची तारीखवार घटनासूची करा. माझ्या वकिलांनी सुनावणीत सगळ्यात जास्त वेळा उघडलेले पान तेच होते.

शब्दांचा एक घोळ आधीच सांगते. मॅटमध्ये शासनाची बाजू मांडणाऱ्यालाही सादरकर्ता अधिकारीच म्हणतात. विभागीय चौकशीतला सादरकर्ता अधिकारी तो नव्हे.

बडतर्फी अंमलात आली असेल तर तिला अंतरिम स्थगिती सहसा मिळत नाही. ती धरून घरखर्चाचे गणित करू नका. भविष्य निर्वाह निधीतली स्वतःची रक्कम मागून घ्या, ती तुमची आहे. शासनाचे उत्तर प्रतिज्ञापत्रावर येते. ते ओळ न ओळ वाचा आणि प्रत्युत्तर द्या. आपला आरोप त्यांनी नाकारलाच नसेल तर वकिलांना ते दाखवून द्या.

अर्ज फेटाळला गेला तर चंद्रकुमार प्रकरणाच्या (१९९७) निकालानुसार उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाकडे अनुच्छेद २२६ व २२७ खाली रिट याचिका करता येते. तुमच्या बाजूने लागला तर शासनही तिथेच जाऊ शकते. म्हणून निकालाची प्रत मिळताच कॅव्हेट (आपल्याला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज) दाखल करण्याबद्दल वकिलांना विचारा.

८. जिंकल्यावर काय मिळते ते आधीच जाणून घ्या

हे मला कोणी सांगितले नव्हते आणि निकालाच्या दिवशी आनंदाबरोबर धक्काही बसला. प्रक्रियेतल्या दोषामुळे आदेश रद्द झाला की प्रकरण बहुतेक वेळा ज्या टप्प्यावर चूक झाली तिथे परत जाते. अहवाल दिला नव्हता तर अहवाल देण्यापासून पुढे, उलटतपासणी नाकारली होती तर तिथून पुढे. त्या काळात तुम्हाला सेवेत घेऊन निलंबित मानता येते आणि निर्वाह भत्ता सुरू होतो. करुणाकर निकालातच हा मार्ग आखून दिला आहे. माझी चौकशी अशीच पुन्हा सुरू झाली. त्या तिसऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी या वेळी झाली आणि पहिला दोषारोप टिकला नाही. दुसऱ्या, किरकोळ दोषारोपासाठी एक वेतनवाढ रोखली गेली. ती मी स्वीकारली.

पुन्हा चौकशीची तारीख आली की पहिल्या दिवशीच सर्व कागद लेखी मागा, बचाव सहायकाचे नाव द्या आणि रोज रोजनाम्याखाली सही करण्याआधी तो पूर्ण वाचा. न पटणारी नोंद असेल तर सहीखाली "नोंद मान्य नाही, कारण…" असे लिहा.

मधल्या काळाच्या पगाराचे वेगळे भांडण असते. महाराष्ट्रातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले की बेकायदा काढलेल्या कर्मचाऱ्याला सामान्यतः मागचा पूर्ण पगार मिळावा. पण आपण त्या काळात अन्यत्र नोकरी करत नव्हतो किंवा किती कमावत होतो, हे कर्मचाऱ्याने सांगायला हवे. ते विधान मूळ अर्जातच शपथेवर करा. मागायचेच विसरलात तर मिळणे कठीण. शिकवण्या घेतल्या असतील, दुकानात हिशेब लिहिले असतील, तर खरे आकडे लिहा.

पुनःस्थापनेचा आदेश मिळाला की त्याच दिवशी कार्यालयात जाऊन रुजू अहवाल द्या. जागा रिक्त नाही, वरून मार्गदर्शन मागवले आहे असे सांगितले तरी रुजू अहवाल आवक करूनच परत या. आणि निलंबन व बडतर्फीचा काळ कसा धरायचा, याचा स्वतंत्र आदेश १९८१ च्या निलंबन, बडतर्फी व सेवेतून काढून टाकणे या काळातील प्रदाने नियमांखाली काढावा लागतो. तो निघाल्याशिवाय वेतननिश्चिती, वेतनवाढी, रजा, निवृत्तिवेतन, सगळे अडून राहते. माझा तो आदेश रुजू झाल्यावर अकरा महिन्यांनी निघाला, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एक अर्ज आणि त्याची एक पोच, असे करत.